हात ठेवायला जागा

समस्त बऱ्हाणपूरकरांना, विशेषतः आमच्या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की शाळेच्या ग्राफिक डिझाइनच्या वर्गातून हरवलेला एक उजवा पंजा सापडला आहे. पंजा पिवळ्या पुठ्ठ्याचा असून अंगठ्यापाशी शाईचा डाग आहे आणि करंगळी उंदरानं किंचित कुरतडलेली आहे. त्याचा कुठल्याही निवडणुकीशी संबंध नाही. मालकी सांगायला कुणी येण्याची तसदी घेऊ नये. ज्याच्या हाताचं ते माप आहे तो दिगंबर भावसार, माझा शाळेपासूनचा मित्र, सव्वा महिन्यापूर्वी गेला.

बातमी आली तेव्हा मी नववीच्या फळ्यावर तापी काढत होतो. खडू सुरतेपर्यंत पोचायचा होता. खिशातला मोबाइल थरथरला, पुन्हा थरथरला, मग थांबेचना. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी चित्र टाकलं होतं. गुलाबाची फुलं, दोन समया, आकाशातून उतरणारे किरण, चार जातींची अक्षरं आणि त्या गर्दीत कोपऱ्यात चेंगरलेला दिगूचा फोटो. माझ्या मनात पहिला विचार काय आला, हे सांगायला लाज वाटते. मला वाटलं, हे बघून दिगू काय चिडेल! संध्याकाळी त्याला दाखवलंच पाहिजे... आणि मग कळलं. तापी तशीच अर्धी राहिली. मुलांनी ती तशीच, समुद्राला न पोचलेली, वहीत उतरवून घेतली.

मी भूगोल शिकवतो, पण गावात मला ओळखतात ते माइकमुळे. शाळेचं संमेलन असो, कुणाचा सेवानिवृत्ती समारंभ असो, गणपतीत मंडळाची बक्षिसं असोत, माइक माझ्या हातात. तो नसला तरी मी बोलतोच. दिगू मला ‘भोंग्या’ म्हणायचा. सगळ्यांसमोर ‘महाजन सर’, आणि दोघंच असलो की भोंग्या. तो स्वतः कमी बोलायचा. आमची मैत्री टिकली ती या वाटणीमुळे असावी असं मी बरीच वर्षं समजत होतो.

दिगू मुळात पेंटर. दहावीनंतर एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवायला सुरुवात केली. त्या काळात शनवाऱ्याच्या चौकापासून स्टेशनपर्यंत चालत गेलं तर निम्म्या पाट्या त्याच्या होत्या. चालताना तो मला शिकवायचा. “हा ‘क’ बघ, पोट सुटलेला. उस्तादांचा. तो ‘र’ लंगडतो ना? तो अमक्याचा, त्याला शिडीवर भीती वाटते.” माणूस दिसण्याआधी त्याला माणसाचं अक्षर दिसायचं. शाळेच्या सूचनाफलकावर रोजचा सुविचार मी लिहितो. त्यावरून एकदा म्हणाला, “तुझा ‘ल’ मी झोपेतही ओळखीन, भोंग्या. शेपटी अशी उडवतोस की शेजारच्या अक्षराच्या डोळ्यात जाईल.” मी हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळले. बाकीचे पेंटर घरांच्या भिंती रंगवायला गेले. हा फ्लेक्सच्याच दुकानात जाऊन संगणकापुढे बसला, पोरांच्या वयाच्या मुलांकडून शिकला, चाळिशीच्या तोंडावर डिप्लोमा केला, आणि शाळेनं ग्राफिक डिझाइन हा विषय सुरू केला तेव्हा अतिथी शिक्षक म्हणून आला. आठ संगणक होते. मुलं खूश. दिगूनं पहिल्याच दिवशी संगणकांवर चादरी टाकल्या आणि सांगितलं, हे दिवाळीनंतर.

पहिली असाइनमेंट अशी: रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं, अलीकडची एक पाटी बघायची, डोळे मिटायचे आणि काय उरलं ते लिहून आणायचं. पंचवीस मुलं शनवाऱ्यात रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभी. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, कुणी गेलं का? एकानं लिहून आणलं, ‘दुकानदाराचा चष्मा’. दिगू म्हणाला, “बरोबर आहे. पाटी वाईट आहे म्हणून तुला दुकानदार दिसला.” दुसरी असाइनमेंट होती तीन शब्दांची. सुटीच्या वेळी फाटकाशी पालकांच्या मोटरसायकलींची कोंडी व्हायची, तिच्यासाठी पोस्टर. मुख्याध्यापकांनी आधीच नियमावलीचा फलक लावला होता, नऊ कलमांचा, तो कुणी वाचत नव्हतं. मुलांच्या पोस्टरांतून दिगूनं एक निवडलं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मधोमध इतकंच: ‘पापा, ज़रा दूर!’ दुसऱ्या दिवसापासून गाड्या पलीकडच्या वडापाशी थांबू लागल्या. एक बाप तर दोन दिवस पोराशी रुसला होता, असं ऐकलं.

आणि लग्नपत्रिकेचा प्रोजेक्ट! तो सांगायचा म्हणजे मला उभं राहावं लागतं, पण इथे बसूनच सांगतो. धूलकोटच्या एका मुलानं बहिणीच्या लग्नाची पत्रिका प्रोजेक्ट म्हणून घेतली. खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं काम करायचं, हा दिगूचा नियमच होता. घरून यादी आली. सतरा काका, अकरा मामा, आत्याबाईंचे यजमान वेगळे. मुलगा रडकुंडीला. “सर, याच्यातले थोडे कापू का?” दिगू ओरडलाच, “काका कापायचे नाहीत! काका लहान करायचे.” मुलानं लहान केले. काका आपल्या रांगेत नीट बसले, मामा मात्र एका ओळीत मावेनात, म्हणून त्यांची अक्षरं केसभर आणखी लहान झाली. पत्रिका छापून गेली, आणि थोरले मामा पत्रिका आणि पट्टी, दोन्ही घेऊन शाळेत आले.

“हे काय आहे? काका इतके, आणि मामा इतके?”

मुलगा दिगूच्या मागं सरकला. दिगू पुढं झाला. “माप माझं चुकलं, मामा. पोरानं बरोबर केलं होतं, मी बदललं.” साफ खोटं. मामा दिगूवर दहा मिनिटं गरजले, मग चहा पिऊन शांत झाले आणि जाताना मुलाच्या पाठीवर थाप मारून गेले. मी दिगूला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, “काम त्याचं आहे. चूक झाली तर ती मास्तरची. नाहीतर मास्तर कशाला पाहिजे?” हे वाक्य मी त्या वेळी फार मनावर घेतलं नाही. आता घेतो.

पण या सगळ्यांच्या वर एक नियम होता. मुलानं काम आणलं की दिगू ते टेबलावर पसरायचा आणि त्यावर उजवा हात ठेवायला जायचा. हात एखाद्या अक्षरावर, चित्रावर, फुलावर पडला की काम परत. “माझा हात ठेवायला जागा कुठंय?” प्रत्येक कामात एक पंजा रिकामा पाहिजे म्हणजे पाहिजे. मुलांना वाटायचं सरांची लहर आहे. लहर नव्हती. पाटी रंगवताना ओल्या रंगावर मनगट टेकता येत नाही. पेंटर आधी हात टेकायची जागा ठरवतो आणि मग अक्षर. उस्तादांनी त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. ज्याला हात ठेवायला जागा नसते, तो आपलंच अक्षर आपल्या हातानं पुसतो.

दिगूच्या मूत्रपिंडांचं दुखणं सुरू झालं, इंदूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मुलांपुढे प्रश्न पडला. सर नसताना जागा मोजायची कशी? एका दुपारी त्यांनी दिगूचा हात पिवळ्या चार्टपेपरच्या पुठ्ठ्यावर धरून पेन्सिलीनं गिरवला, कापला आणि फळ्याशेजारी खिळ्याला टांगला. सर इंदूरला, पंजा वर्गात. मुलं शीट पसरायची, पंजा ठेवून बघायची, आणि नाही मावला की स्वतःच म्हणायची, “परत!”

इथवर मी मजेत सांगितलं. असंच मला सांगता येतं. पुढचंही त्याच तोंडानं सांगायचं आहे...

चार वर्षांपूर्वी बारावीत निंबोल्याची एक मुलगी होती. तिचं नाव मी इथे निकिता ठेवतो. खरं नाव वेगळं आहे. तिला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, “लिहा सर. पण कमी लिहा.” तिच्या वडिलांची केळीची बाग. तिचा शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे केळीचं खोकं. आमच्याकडून उत्तरेला केळी जातात ती बहुतेक कुठल्यातरी तयार खोक्यांतून, ज्यांच्यावर समुद्र आणि नारळाची झाडं असतात. निकितानं खऱ्या खोक्याचा तपकिरी पुठ्ठा घेतला. डाव्या खालच्या कोपऱ्यात हिरव्या रंगात छोटंसं ‘निंबोला’, वरच्या कडेला पानाची एक रेघ. बाकी सगळं मोकळं. त्या परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मॅडम इंदूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी आधी एकदा तिचं काम बघून दिगूला सांगितलं होतं की अंतिम प्रोजेक्ट असाच निघाला तर कॉलेजात तिच्यासाठी मी शब्द टाकीन. वडीलही तयार होते. म्हणजे त्या एका पुठ्ठ्यावर मुलीचं इंदूर ठरणार होतं, आणि हे मला माहीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दिगू इंदूरला तपासणीला गेला होता. जाताना वर्गाची किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाला, “फक्त कुलूप बघ.” फक्त कुलूप. दुपारी मुख्याध्यापक म्हणाले की मॅडम कडक आहेत, अपुरं काम दिसलं तर गुण कापतात. मी लगेच वर्ग उघडून शीटं चाळायला लागलो. निकिताचा पुठ्ठा बघितला. अरे, हे तर अपुरं आहे! पोरीनं खोकं अर्धंही रंगवलेलं नाही, आणि उद्या परीक्षा... खाली तिची फाइल होती. ती उघडली असती तर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. दोन दिवस ती हमालांबरोबर उभी राहिली होती. खोकं उचलताना हात कुठे पडतो, घामानं कुठली छपाई पुसते, हे तिनं टिपलं होतं, आणि ती जागा सोडून दिली होती. सबंध वर्गात दिगूचा नियम एकट्या तिला खऱ्या अर्थानं कळला होता.

मी फाइल उघडली नाही. मी काळा मार्कर उघडला. फुगीर, दुहेरी रेघांची अक्षरं काढली: ‘मीठा-मीठा अलबेला, निंबोला का केला!’ शेजारी एक हसरं केळं. केळ्याला मिशा. दोन पावलं मागं सरून बघितलं आणि मला, देवाशपथ, आनंद झाला. पोरीचं वर्ष वाचवलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू इंदूरहून थेट शाळेत आला, मुलांच्या आधी, आणि माझ्याकडून किल्ली घेऊन वर्ग त्यानंच उघडला. मॅडम आल्या. पाहुणचाराची जबाबदारी माझी, म्हणून मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. निकितानं आपला पुठ्ठा उलगडला आणि ती तशीच थांबली. मॅडम वाकून बघत राहिल्या.

“यह तुमने लिखा है?”

निकितानं मान हलवली, नाही.

“फिर किसने?”

वर्गाची किल्ली दिगू सरांकडे असते, हे सगळ्या वर्गाला ठाऊक. तिनं दिगूकडे बघितलं. दिगू पुठ्ठ्याकडे बघत होता. फार वेळ नाही, तीन-चार श्वास. मग तो पुढं झाला आणि त्यानं उजवा हात त्या केळ्यावर ठेवला, मिशांसकट झाकून टाकलं.

“मैंने किया, मैडम. बच्ची की गलती नहीं है.”

माझ्या हातातल्या कपबशा वाजत होत्या. एवढाच आवाज मी केला. गावातला भोंगा मी, आणि त्या सकाळी माझ्या तोंडून चहा घ्या एवढंही निघालं नाही.

मॅडम म्हणाल्या, यात मुलीचं किती आणि सरांचं किती, हे मी कसं ठरवू? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गुण कापले गेले, शब्द टाकणं राहून गेलं. वर्गाबाहेर निकिता दिगूला म्हणाली, “हाताची जागा तर तुम्हीच शिकवली होती ना, सर.” इतकंच, आणि गेली. तिनं इथल्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं आणि शनवाऱ्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनला बसू लागली. इकडे मॅडमचा शेरा आला आणि पुढच्या वर्षीपासून दिगूकडची बारावी काढून घेतली. त्याला नववी दिली. पेन्सिल कशी धरायची, तिथून पुन्हा सुरुवात.

मी सांगणार होतो. परीक्षा संपली की सांगणार होतो, मग निकाल लागला की, मग त्याची तब्येत जरा सुधारली की... मला वाटत होतं, त्याला कळलेलं नाही. अक्षर मी फुगवून काढलं होतं ना! बहुतेक त्याला कुणा पोराचा संशय असेल आणि पोराला वाचवायला त्यानं अंगावर घेतलं असेल. या समजुतीवर मी चार वर्षं काढली. रोज त्याच्याबरोबर चहा प्यायलो. शनवाऱ्यातून जाताना दिगू त्या दुकानासमोर सायकल सावकाश करायचा आणि हँडलवरचा हात उचलायचा. आतून निकिता मान संगणकाकडे वळवायची. हे मी कितीदा तरी बघितलं, कारण त्याच्याशेजारी सायकलवर मीच असायचो. बोलत.

शेवटची भेट त्याच्या घरी झाली. हात सुजलेले, आवाज बसलेला. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. शाळेत काय झालं, मुख्याध्यापक कसे घसरले, सगळं नकलांसकट. दिगू हसला, थोडंसं. मग त्यानं उजवा हात उचलला आणि आमच्या दोघांच्या मधे, पलंगावर, जरासा पुढं केला.

“भोंग्या... हात ठेवायला जागा दे ना जरा.”

मी काय करावं? मी पलंगावरचा थर्मास उचलला, औषधांचा डबा सरकवला, उशी मागं ओढली. “घे, ठेव!” असं म्हणालो आणि पुढचा किस्सा सुरू केला. त्यानं हात ठेवला. डोळे मिटून ऐकत राहिला. चौथ्या दिवशी ग्रुपवर ते चित्र आलं.

शाळेनं शोकसभा ठेवली. फ्लेक्स करून आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि शाळेला जवळचं दुकान निकिता बसायची तेच. निकिता संगणकापुढे बसली होती. मी मजकूर दिला. तिनं फोटो लावला, नाव लावलं, पदवी, शाळा, शोकाकुल मंडळींची यादी, फुलं, समया. एक एक करून पडदा भरला. मी बघत राहिलो, आणि न राहवून म्हणालो, “जागा नाही ठेवलीस?”

“कशाची, सर?”

“हाताची.”

ती पडद्याकडेच बघत म्हणाली, “माझी होती तेवढी त्यांनी भरून टाकली. मी कशाला ठेवून राहिले त्यांच्यासाठी?”

तेव्हा तरी... पण मी म्हणालो, “खाली शाळेचं नाव जरा मोठं कर.” आणि फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून निघालो. सभेत वीस मिनिटं बोललो. लोक डोळे पुसत होते. माझ्या पाठीमागे तो गच्च भरलेला फ्लेक्स लटकत होता आणि मला सारखं वाटत होतं की आता मागून आवाज येईल, परत!

सभेनंतर तीन आठवड्यांनी मुख्याध्यापकांनी दिगूचं कपाट रिकामं करायला सांगितलं. वाळलेले ब्रश, स्टीलची पट्टी, नववीच्या वह्या. सगळ्यात खाली दोन लाकडी फळ्यांच्या मधे निकिताचा पुठ्ठा होता, आणि त्यावर खिळ्यावरून कधीच नाहीसा झालेला तो पिवळा पंजा. पंजा उचलला. खाली माझं केळं. दिगूनं ब्लेडनं ते खरवडायला घेतलं होतं. मिशा गेल्या होत्या, घोषणेतली अर्धी अक्षरं गेली होती, आणि पुठ्ठा पातळ होऊन फाटायला आला तिथे तो थांबला होता. अलबेला, निंबोला, केला... चार ‘ल’ शिल्लक होते. शेपट्या उडवलेले.

मुलांच्या कामावर शेरा तो नेहमी मागच्या बाजूला लिहायचा, पेन्सिलीनं. मी पुठ्ठा उलटा केला. वर लिहिलं होतं: ‘निकिता. जागा बरोबर धरली आहे. पूर्ण गुण.’ आणि खाली, बारीक अक्षरात: ‘ल भोंग्याचा. विचारायचं नाही. तो सांगेल.’

मी कपाटासमोर फरशीवर बसलो. थर्मास आठवला, औषधांचा डबा आठवला. त्यानं माझ्याकडे कसली जागा मागितली होती, ते मला तिथे, खाली बसल्यावर कळलं. चार वर्षं तो रोज एक पंजा जागा ठेवत होता आणि मी रोज ती किश्श्यांनी भरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी दुकानात गेलो. यंत्रावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स हळूहळू बाहेर येत होता आणि त्याचा मालक खुर्चीत बसून स्वतःचं डोकं उतरताना बघत होता. मी निकितासमोर पुठ्ठा ठेवला, वर पंजा ठेवला, आणि पाच वाक्यांत सगळं सांगितलं. मी मोजली नाहीत, पण पाचच असावीत. किल्ली माझ्याकडे होती. मार्कर माझा होता. फाइल मी वाचली नाही. दिगूनं माझी चूक स्वतःवर घेतली. मी गप्प बसलो.

तिनं पुठ्ठा पुढून बघितला. बोट त्या खरवडलेल्या जागेवरून फिरवलं. मग उलटा करून मागचं वाचलं, दोनदा. पुन्हा सुलटा केला आणि पिवळा पंजा उचलून त्या जागेवर ठेवला. तो बरोबर बसला. तिनं त्यावर आपला हात ठेवला. तो लहान पडला, सरांची बोटं चारी बाजूंनी बाहेर दिसत राहिली.

यंत्र थांबलं. मला बोलायचं होतं. माफी होती, समजूत होती, इंदूरच्या मॅडमना पत्र लिहीन हेही होतं, सगळं ओठांवर आलं होतं. मी बोललो नाही. ती पंजाकडे बघत होती, आणि मग इतक्या मोठ्यानं बोलली की वाढदिवसवाले खुर्चीतून उठून उभे राहिले.

“मी त्यांना नमस्ते करणं बंद केलं होतं ना, सर!”